गजभियेंच्या कुत्र्याचा खोकला

सोनबा गजभिये माझ्याशी खोटं बोलले असते तर मी एकवेळ चालवून घेतलं असतं. मी शेजारीण, शेजारणीला सगळं खरंच सांगावं असा काही कायदा नाही. पण हा माणूस दर रविवारी सकाळी विहारात जायचा, हात जोडून, खोटं बोलणार नाही हे शील सगळ्यांबरोबर मोठ्यानं घ्यायचा, घरी यायचा, अंगातला पांढरा सदरासुद्धा न बदलता कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि अमेरिकेतल्या मुलाला धडधडीत थाप मारायचा. थापही कुणाच्या नावावर, तर पायाशी झोपलेल्या कुत्र्याच्या. तेव्हा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आमची सोसायटी बोपोडीत, जुन्या मुंबई रस्त्यापासून जरा आत. तिसऱ्या मजल्यावर शेजारी शेजारी दोन दारं, एक माझं, एक गजभियेंचं. मी मूळची नारायण पेठेतली, परचुरे. टेलिफोन खात्यात आयुष्य काढून इथे येऊन पडले. एकटी आहे, तोंडाळ आहे, आणि दोन्हींबद्दल मला कुणाचं मत नको आहे. आमच्या मोऱ्यांच्या मध्ये एकच भिंत. बिल्डरनं ती अशी बांधली आहे की पलीकडे कुणी चूळ भरली तरी इकडे कळतं. त्यामुळे गजभियेंच्या घरात कोण खोकतं आणि कोण नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सोनबा भंडाऱ्याकडचे. ऐन तारुण्यात पुण्याला आले आणि पिंपरीच्या एका कारखान्यात ओतकामाच्या खात्यात चिकटले. वाळूचे साचे करायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, थंड झालं की साचा फोडायचा. फोडताना वाळू उडायची आणि सगळ्यांच्या छातीत जायची. खोकला तिथला. पावसाळ्यात उठायचा आणि दसऱ्याच्या आसपास बसायचा. त्याला ते आजार मानत नसत. आमच्या खात्यात सगळेच खोकलायचे, असं ते मोठ्या अभिमानानं सांगत.

राग मात्र त्यांचा स्वतःचा होता, कारखान्यानं दिलेला नव्हे. कॉलेजातून नुकताच आलेला एक मॅनेजर खात्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या कामगारांना अरे-तुरे करायचा. सोनबांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, “साहेब, मी तुम्हाला अहो म्हणतो ते तुमची खुर्ची बघून नाही. मला सगळ्यांनाच अहो म्हणायची सवय आहे. तुम्हीही लावून घ्या.” पुढे देशाचे दरवाजे उघडले, बाहेरची यंत्रं आली आणि ओतकामाचं खातं बंद झालं. सोनबांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा हे तिचं नाव. सोनबांच्या इच्छेशी तिचा काडीचा संबंध नव्हता. निरोपसमारंभात त्यांनी हार घालून घेतला नाही. नारळ तेवढा आणला आणि त्याची चटणी केली.

मुलगा अभय इंजिनिअर झाला. हिंजवडीला कंपन्यांच्या बसगाड्या नुकत्याच धावू लागल्या होत्या तेव्हा त्यातल्या एकीत तो बसला, आणि दोन वर्षांत अमेरिकेत पोचला. आणि तेव्हाच गजभियेंच्या घराला दृष्ट लागली. प्रेमलाताई, म्हणजे सोनबांची बायको, आजारी पडल्या. मूत्रपिंडं गेली. अभय कुणाला न विचारता विमानात बसला आणि आला. त्याच सुमारास तिकडे संगणकवाल्यांचा बाजार बसला होता. इकडे आल्यावर कंपनीनं आधी त्याला बिनकामाचा बसवून ठेवला, मग घरी बसवला. प्रेमलाताई काही वाचल्या नाहीत. त्यानंतर दीड वर्ष तो मुलगा त्यांच्या बाल्कनीत उभा राहून मुंबई रस्त्यावरून जाणाऱ्या कंपनीच्या बसगाड्यांकडे बघायचा. सोनबा त्याच्या मागे उभे असायचे. मी हे माझ्या बाल्कनीतून बघितलेलं आहे. सोनबा मला नंतर म्हणाले होते की बायको गेली ते एक, पण तिच्या आजारानं जाताना पोराचंही वाटोळं केलं, ते मी विसरणार नाही. मेलेल्या बायकोवर नव्हे, तिच्या आजारावर ते चिडलेले होते. माणसावर चिडावं तसे.

मग अभयनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नोकरी मिळाली, अक्षताशी लग्न झालं, हिंजवडीजवळ फ्लॅट झाला. फ्लॅट झाला म्हणून कुत्रा आला. आणि कुत्रा जरा मोठा होतो न होतो तोच पुन्हा अमेरिका आली. फ्लॅट भाड्यानं दिला, गाडी विकली, कुत्रा वडिलांकडे आणून सोडला. सोनबांना विचारलं का, तर हो, विचारलं. दोरी हातात देऊन विचारलं.

कुत्रा लॅब्रेडॉर, पिवळसर, अंगानं दांडगा आणि स्वभावानं अगदीच बावळट. त्याचं नाव व्हिस्की. विहारात दारूबंदीवर भाषणं देणारे सोनबा भर रस्त्यात व्हिस्की, व्हिस्की अशा हाका मारणार होते थोडेच. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याचा मोत्या केला. कुत्र्यानं तक्रार केली नाही. पहिला महिनाभर ते त्याच्यावर नुसते ओरडत होते. दुसऱ्या महिन्यात मी बघितलं, तर स्वतःच्या ताटातली भाकरी कुस्करून त्याला घालत होते आणि वर ओरडत होते.

आता खोकल्याकडे येते. त्या वर्षी ऐन पावसाळ्यात सोनबांचा चुलतभाऊ वारला, त्याचं पुण्यानुमोदन होतं, म्हणून ते भंडाऱ्याला गेले. मोत्याला मी ठेवून घेतलं असतं. पण अभयनं अमेरिकेत बसून इंटरनेटवरून हिंजवडीकडचं एक कुत्र्यांचं वसतिगृह गाठलं आणि परस्पर त्याची सोय लावून टाकली. मोत्या तिथून परत आला तो खोकला घेऊन. कोरडा, घोगरा, एका दमात चार-पाच वेळा, आणि शेवटी घशात हाड अडकल्यासारखी उबळ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोळपाट टाकून धावले होते.

मी अडुळशाचं औषध घेऊन गेले, तर सोनबांनी ते माझ्या हातातून काढून घेऊन कपाटावर ठेवलं आणि आधी डॉक्टरला विचारतो म्हणाले. बरं झालं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, ताप बघितला आणि सांगितलं की चार कुत्री एका जागी आली की हा खोकला एकमेकांना लागतो. हा खातोय, पितोय, शेपूट हलवतोय, तेव्हा घरीच बरा होईल. माणसांचं खोकल्याचं औषध मात्र चमचाभरसुद्धा घालायचं नाही, त्यातलं काय कुत्र्याला विष ठरेल सांगता येत नाही. हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या. जेवण सोडलं, धाप लागली किंवा आठवड्याभरात उतार पडला नाही तर लगेच घेऊन या, एवढं बजावून त्यांनी आम्हाला घालवलं.

मग सोनबांचा दवाखाना सुरू झाला. गळ्यातला पट्टा निघाला, कारण ओढ बसली की घशावर दाब येतो आणि उबळ येते. त्याऐवजी छातीवरून जाणारा पट्टा आला. घरातली डासांची कॉइल बंद झाली. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती राहिली, उदबत्ती गेली. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात थोडा मध कालवून वाडगा त्याच्यापुढे यायचा. इतर कुत्र्यांत न्यायचं नाही, पळवायचं नाही, जिना हळू उतरायचा. आणि दिवसातून दोनदा वाफ. मोरीचं दार-खिडकी लावून घ्यायची, गीझरचं कढत पाणी बादलीत सोडायचं, बादली कोपऱ्यात उंच स्टुलावर, त्याचं तोंड पोचणार नाही अशी, आणि कुत्र्याला लांब दाराशी बसवून आपण पाटावर. सोनबा आत पेपर घेऊन जायचे आणि त्याला अग्रलेख वाचून दाखवायचे. प्रत्येक वाक्यावर भांडायचे. मला भिंतीतून सगळं ऐकू यायचं. संपादकाची अक्कल काढून झाली की मोत्याला, “तुला पटतं का हे? नाही ना पटत?” असं विचारायचे. आठवडा संपायच्या आत मोत्याचा खोकला निम्म्यावर आला, आणि पुढे कधी थांबला ते कळलंही नाही.

तो थांबला आणि सोनबांचा सुरू झाला. दरवर्षीचाच, पण या वेळी जोरात.

वर्ष होतं स्वाइन फ्लूचं. पुण्यात माणसं दगावली होती. शाळा बंद, सिनेमाची थिएटरं बंद, रस्त्यावर दिसेल त्याच्या तोंडाला रुमाल, रुमालात कापूर आणि वेलची. टीव्हीवाले दिवसभर पुण्याचा नकाशा लाल करून दाखवत होते. बसमध्ये कुणी शिंकलं की दोन बाकं रिकामी व्हायची. शहाणी म्हणवणारी माणसं अशी वागत होती की मला लाज वाटायची. अशा दिवसांत रविवारी अभयचा स्काइपवर फोन आला आणि बोलता बोलता सोनबांना जोरात उबळ आली. त्यांनी तोंड फिरवलं, टेबलाखाली वाकले, खोकून घेतलं, आणि वर येऊन म्हणाले की मोत्या अजून खोकतोय.

मी तिथेच होते. भाजी द्यायला गेले होते. मोत्या माझ्या पायावर हनुवटी टेकून घोरत होता.

फोन संपल्यावर मी त्यांना सोडलं नाही. वयाला शोभत नाही म्हणाले, शीलाची आठवण करून दिली, डॉक्टरकडे चला म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग एकच गोष्ट सांगितली. टीव्हीवर पुणं बघून अभय आधीच अर्धा घाबरलेला आहे. त्याच्या कंपनीत मंदीनं माणसं निघताहेत, रोज कुणीतरी खोक्यात सामान भरून जातंय. आपला बाप पुण्यात खोकतोय हे कळलं तर तो उद्या विमानात बसेल. “मागे बसला होता, परचुरेबाई. तुम्ही बघितलंय काय झालं ते. या घरातल्या आजारानं त्याचं एकदा वाटोळं केलंय. दुसऱ्यांदा मी होऊ देणार नाही.”

मी भाजीचं पातेलं उचललं आणि दार आपटून घरी आले.

त्यानंतर दर रविवारी तेच. उबळ आली की टेबलाखाली वाकायचं आणि वर येताना कुत्र्याला दटावायचं. “गप रे, बोलू दे जरा.” तो झोपेतून दचकून उठायचा आणि आपण काय केलं ते न समजून शेपूट हलवायचा. अमेरिकेतून अभयच्या सूचना सुरू झाल्या. वाफ दोनदा नाही, तीनदा द्या. मध चांगला आणा. पावसात भिजू देऊ नका. दार लावून वाफ देताना बाबा, तुम्ही पण आत बसा, त्याला एकट्याला भीती वाटेल. मी हे ऐकून मनातल्या मनात त्या मुलाला शिव्या घालायची. कुत्र्याच्या घशाची केवढी काळजी, आणि समोर बसलेल्या बापाचे डोळे खोकून खोकून लाल झालेत ते दिसत नाहीत? सोनबा मात्र सांगितलेलं सगळं करत होते. बरा झालेला कुत्रा आणि आजारी म्हातारा, दोघं तीन-तीनदा मोरीत जाऊन बसायचे. अग्रलेख वाचणं बंद झालं होतं. भिंतीतून आता नुसता खोकला यायचा, आणि तो माणसाचा होता.

जिन्यातही तो ऐकू जायचाच. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी श्रीधर केसकर यांनी विचारलं तेव्हा सोनबांनी त्यांनाही तेच सांगितलं. एकदा थाप मारली की ती सगळीकडे सारखीच मारावी लागते. केसकरांनी कमिटी बोलावली. त्यांचं म्हणणं असं की डुकराचा माणसाला होतो, तर कुत्र्याचा का होणार नाही. मी म्हटलं, तुमच्या बुद्धीचा संसर्ग होत नाही हे आमचं नशीब. पण ज्यांच्या घरात लहान मुलं होती ती माणसं घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसांना केसकर पटतात. त्यांनी मोत्याला लिफ्टमध्ये बंदी केली, आवारात बंदी केली, आणि अभयला अमेरिकेत ई-मेल धाडायला सुरुवात केली. रोज एक. कुत्रा हलवला नाही तर सोसायटी महापालिकेकडे तक्रार करेल, असा शेवटचा.

अभयनं कुत्रा हलवायचं ठरवलं. नगर रस्त्याला कुठेतरी आजारी जनावरं ठेवून घेणारी एक जागा त्यानं शोधली. रविवारी गाडी येईल म्हणाला. पुण्यातलं सगळं निवळलं की बघू, आणि नाहीच जमलं तर तिथूनच एखादं चांगलं घर बघून देतात ते लोक.

शनिवारी दिवसभर सोनबांच्या घरातून आवाज आला नाही. खोकल्याचासुद्धा नाही, तोंडात काहीतरी कोंबून खोकत असावेत. संध्याकाळी मी गेले तर ते जमिनीवर बसून मोत्याचे केस विंचरत होते. मी म्हटलं, खरं सांगून टाका. ते म्हणाले, कुत्रा गेला तर कुत्रा जाईल, पोरगा परत आला तर पोराचं आयुष्य जाईल. हिशेब बरोबर होता. पण ते सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि फणी एकाच जागी फिरत राहिली. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. अभयचा, केसकरांचा, अमेरिकेचा, त्या कारखान्याच्या वाळूचा, आणि सगळ्यांत जास्त या हट्टी माणसाचा.

रविवारी सोनबा विहारातून आले तेव्हा गाडी फाटकाशी उभी होती. दोन माणसं वर आली. केसकर तोंडाला मास्क लावून जिन्यात हजर होतेच. मी कुणी न बोलावता आत गेले आणि खुर्ची ओढून बसले. कॉम्प्युटरवर अभय होता, मागे अक्षता उभी होती. अभय समजूत घालत होता की तिथे डॉक्टर असतात, मोकळी जागा आहे, त्याचंच भलं आहे.

त्या दोघांतल्या एकानं मोत्याच्या गळ्यात दोरीचा फास घातला आणि ओढलं. मोत्याला आता छातीच्या पट्ट्याची सवय. गळ्याला दोरी लागताच त्यानं पाय रोवले, दोरी आवळली, आणि त्याच्या घशातून ती घोगरी उबळ आली. एकदा, दोनदा.

“बघा,” केसकर दारातून म्हणाले. “खोकतोय की नाही?”

सोनबा उठले. त्यांनी त्या माणसाच्या हातातली दोरी काढून घेतली, मोत्याच्या गळ्यातला फास सोडवला आणि दोरी केसकरांच्या पायाशी टाकली. मग कॉम्प्युटरकडे वळले. राग आला की त्यांची पुण्यातली इतक्या वर्षांची भाषा गळून पडायची आणि भंडाऱ्याची वर यायची.

“कुत्रा नाही खोकलत, अभय. तो कवाचाच बरा झाला. मी खोकलून राहिलो. महिनाभर मीच खोकलून राहिलो अन् त्याचं नाव सांगून राहिलो. पाहा.” आणि या वेळी ते टेबलाखाली वाकले नाहीत. पडद्यासमोर उभं राहून, छातीला हात लावून, येईल तेवढा सगळा खोकला त्यांनी खोकून घेतला. बराच वेळ लागला.

केसकर तोपर्यंत एक मजला खाली गेले होते.

मला वाटलं, अभय आता घाबरेल, ओरडेल, रडेल. तो पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, “मला माहीत होतं, बाबा.”

“काय माहीत होतं?”

“तुमचा खोकला आहे ते. लहानपणी एका खोलीत झोपायचो आपण. मी तो ओळखणार नाही? पहिल्याच दिवशी ओळखला. म्हणून तर सांगत होतो, वाफ देताना तुम्ही पण आत बसा.”

महिनाभर मी त्या मुलाला शिव्या घालत होते की याला बापाचा खोकला ऐकू येत नाही. त्याला येत होता. मध, वाफ, पावसात भिजू नका, सगळं बापासाठीच होतं. क्षणभर माझा राग विरघळला. पण क्षणभरच, कारण सोनबांना माझ्या आधी सुचलं.

“तुले माहीत होतं,” ते सावकाश म्हणाले. “कुत्रा बरा हाये, हे तुले माहीत होतं. तरी तू गाडी पाठवली?”

अभयनं खाली बघितलं. केसकरकाकांचे रोज मेल येत होते, म्हणाला. मग म्हणाला, “मला काहीतरी करायचं होतं, बाबा. इथून दुसरं काय करता येतं मला?”

सोनबांनी त्या दोन माणसांना चहा विचारला, ते नको म्हणाले, त्यांना परत पाठवलं. मोत्या त्यांना जिन्यापर्यंत पोचवून आला, इतका तो बावळट.

दुसऱ्या दिवशी मी सोनबांना डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे रिक्षात कोंबलं. फ्लू नव्हता. फोटोत छातीमध्ये कारखान्यातली जुनी धूळ दिसत होती, आणि तिच्यावर या वर्षीची सूज. डॉक्टर चिडले, इतके दिवस काय करत होता म्हणाले. मी म्हटलं, कुत्र्याला औषध देत होते. ओढायचा पंप दिला, गोळ्या दिल्या, थंडीआधी पुन्हा दाखवा म्हणाले. केसकरांना मी रिपोर्टाची झेरॉक्स नेऊन दिली आणि लिफ्टमध्ये मोत्यासकट गेले. ते जिन्यानं गेले.

पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा मी मुद्दाम तिथे होते. सोनबांनी रिपोर्ट पडद्यासमोर धरला, डॉक्टर काय म्हणाले ते शब्द न शब्द सांगितलं, पंप कसा ओढतात ते करून दाखवलं. आता काही लपवलं नाही. थंडीत त्रास वाढेल असं म्हणतात, हेसुद्धा सांगितलं. अक्षताचे डोळे भरले होते. अभय ऐकत होता. सगळं सांगून झालं तेव्हा अभय म्हणाला, “मी येऊ का, बाबा?”

मी सोनबांच्या बाजूला बसले होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. हो म्हणायचं असलेल्या माणसाचा तो चेहरा होता. आंधळ्यालाही दिसला असता. आणि अभय आंधळा नाही. समोरच बसला होता.

“नको,” सोनबा म्हणाले. “काही गरज नाही. नोकरी सांभाळ.”

“बरं,” अभय म्हणाला. म्हणायला त्याला जरासुद्धा वेळ लागला नाही.